घरून दहावी: दाखल्यापासून अकरावीपर्यंत, खर्चासकट

मुलगी सातवी पास झाली आणि जून २०२२ मध्ये आम्ही तिचा शाळेतून दाखला काढला. जून २०२५ मध्ये तिचा दहावीचा निकाल लागला. मधली तीन वर्षं ती घरीच शिकली. शाळा का सोडली हे इथं सांगत बसत नाही. प्रत्येक घराचं कारण निराळं असतं आणि दुसऱ्याचं कारण वाचून आपलं काम होत नाही. काम अडतं ते कागदांपाशी, फीच्या तारखांपाशी आणि महिन्याच्या हिशेबापाशी, म्हणून तेवढंच लिहिते.

आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं. घरात एक दुकानातली नोकरी आणि एक शिलाई मशीन. फॉल-पिको, ब्लाउज, शाळेचे गणवेश यावर मशीनचं पोट चालतं. धाकटा जिल्हा परिषदेच्या शाळेतच आहे. एक लेकरू शाळेत आणि एक घरी असल्यामुळे दोन्हींचा खर्च समोरासमोर ठेवून बघता आला. होमस्कूलिंग स्वस्त पडतं असं बरेच जण म्हणतात. खाजगी इंग्रजी शाळेच्या फीशी तुलना केली तर ते खरं आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेशी तुलना केली तर नाही. तिथं आठवीपर्यंत पुस्तकं फुकट मिळतात, दुपारचं जेवण मिळतं (सहावी ते आठवीच्या मुलाला दिवसाला १५० ग्रॅम तांदूळ, वर डाळ-भाजी), बाहेरगावाहून येणाऱ्या मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो. दाखला काढला की हे सगळं सुटतं. त्यात आईचे कामाचे तास जातात ते वेगळेच. हा हिशेब आधी वहीत मांडावा आणि मगच शाळेत जावं.

कायद्याचं थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वयासाठी. त्यात घरी शिकवण्याला परवानगी असं कुठं लिहिलेलं नाही. कलम १० म्हणतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण न घातल्यास पालकाला दंड किंवा शिक्षा अशी तरतूद नाही. म्हणजे होमस्कूलिंगला मनाईही नाही आणि मान्यतेचा शिक्काही नाही. दुसरीकडे कलम ४ आपल्या फायद्याचं आहे. चौदा वर्षांच्या आतलं शाळाबाह्य मूल वयानुरूप वर्गात परत दाखल करून घ्यावं लागतं. ही परतीची वाट उघडी आहे हे माहीत असलं की घरातल्या मोठ्या माणसांचा विरोध निम्म्यानं कमी होतो.

शाळा सोडल्याचा दाखला मागताना लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शाळेचा शिक्का व तारीख घ्यावी. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यात 'पालकांच्या विनंतीवरून' एवढं पुरतं. दाखला हातात आला की तिथंच उभं राहून वाचावा: नाव, आईचं नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मस्थळ, जात. नंतर दुरुस्ती करायची तर फार पळापळ होते. शाळेकडून आणखी एक आकडा लिहून घ्यावा, तो म्हणजे यूडायस प्लसवरचा (शाळा आणि विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन नोंद) मुलाचा पर्मनंट एज्युकेशन नंबर. दुसऱ्या शाळेत नाव न गेल्यामुळे मूल त्या प्रणालीत 'ड्रॉपबॉक्स'मध्ये दिसत राहतं. पुढं कधीही कॉलेजला किंवा शाळेला ते तिथून उचलावं लागतं, तेव्हा हा नंबर हवा.

शाळेत नाव नाही म्हटल्यावर सर्वेक्षणवाले येतात. जुलै २०२२ मध्ये राज्यात 'मिशन झिरो ड्रॉपआउट' सुरू होतं, गुरुजी घरोघर फिरत होते. अशा वेळी वाद घालू नये. येणारे शिक्षक नेमून दिलेलं काम करत असतात, त्यांना नोंदवहीत काहीतरी लिहावंच लागतं. एका पानावर लेखी द्यावं: मुलाचं नाव, आधीची शाळा, दाखल्याचा क्रमांक, घरी अभ्यास चालू आहे, पुढे मुक्त विद्यालयातून दहावी देणार. सोबत अभ्यासाच्या वह्या दाखवाव्यात. तारखा टाकलेल्या वह्या असल्या की बोलणं लवकर संपतं, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक पानावर तारीख टाकायची सवय लावावी.

रोजचं वेळापत्रक घड्याळावर बसत नाही, ते नळावर आणि लाइटवर बसतं. पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी सकाळचा अभ्यास होत नाही, हे गृहीतच धरावं. त्या दिवशी फक्त वाचन. बाकी दिवस सकाळी साडेसहा ते साडेनऊ हे तीन तास पक्के: आधी गणित, मग विज्ञान, शेवटी भाषा. गणित पहिलं, कारण दहानंतर मशीनवर गिऱ्हाईक येतं आणि मधे मधे उठावं लागतं. इतिहास-भूगोल मध्ये उठलं तरी चालतो, गणिताचा धागा तुटतो. दुपारी मुलगी एकटी लिहिते, मी शिवते. मार्च ते जून दुपारचा अभ्यास सोडून द्यावा. पत्र्याच्या खोलीत ४२ अंशांत कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही. त्या महिन्यांत पहाटे साडेपाचला बसावं.

पुस्तकांवर पैसा घालवू नये हे पहिल्या वर्षी नक्की कळलं. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात फुकट आहेत. पण फोनवर गणिताचं पुस्तक वाचणं अवघड, म्हणून गणित आणि विज्ञान छापील घ्यावं. मे महिन्यात निकाल लागले की शेजारपाजारची मुलं जुनी पुस्तकं देऊन टाकतात, तेव्हा मागून ठेवावीत. जुनी घेताना एक बघावं. २०२३-२४ पासून काही इयत्तांची पुस्तकं कोरी पानं जोडून चार भागांत आली होती. त्यातला एखादाच भाग हातात पडला तर पाव अभ्यासक्रमच मिळतो. चारही भाग आहेत का ते मोजून घ्यावं. त्याआधीची आवृत्ती एका जिल्दीत आहे, ती मिळाली तर उत्तम.

घरात इंटरनेटचा फोन एकच आणि तो दिवसभर दुकानात. म्हणून रोजच्या डेटातला जो काही उरेल तो रात्री वापरायचा: हवी ती पुस्तकं, सरकारच्या दीक्षा ॲपवरचे धडे, आकृत्या रात्री उतरवून मेमरी कार्डात ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी जुन्या, सिम नसलेल्या फोनवर बघायच्या. डिश टीव्ही असेल तर पीएम ई-विद्याच्या सरकारी शैक्षणिक वाहिन्यांना नेटही लागत नाही. मराठी वाचनासाठी 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, नव्या अंकाची किंमतही हलकी आहे. विज्ञानाच्या खेळण्यांसाठी अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. त्यात आगपेटी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, स्ट्रॉ यांतून होणारे शेकडो प्रयोग आहेत आणि मराठी पुस्तकंही आहेत. इंग्रजी कानावर पडायला आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या. गावातलं सार्वजनिक वाचनालय विसरू नये. महिन्याची वर्गणी एका वहीपेक्षा जास्त नसते आणि विश्वकोशाचे जाडजूड खंड तिथंच बसून चाळायला मिळतात.

पैसा जातो तो वह्या, झेरॉक्स आणि रिचार्जवर. आम्ही महिन्याला सहाशे रुपयांची मर्यादा घातली होती, ती बहुतेक महिने पाळली गेली. कोऱ्या वह्यांपेक्षा ए-फोर कागदाचा पाचशेचा गठ्ठा घेऊन सुताने शिवून वही केली की निम्म्यात पडते. शिलाई मशीन असलेल्या घरात तर प्रश्नच नाही, जाड सुई लावून मोठ्या टाक्यानं मधोमध एक शिवण मारली की झालं. एका वेळी दहा-बारा कागदांपेक्षा जास्त घेऊ नयेत, सुई मोडते. झेरॉक्स पानाला दोन रुपये घेतात, पण शंभरच्या वर पानं एकदम दिली तर दर उतरतो. दोन-तीन धड्यांचं एकेक करून नेण्यापेक्षा पंधरवड्याचं साठवून न्यावं.

घरातल्या कागदांवर गणित चांगलं चालतं. विजेचं बिल घ्या. स्थिर आकार, पहिल्या शंभर युनिटचा दर, पुढच्या टप्प्याचा दर, वहन आकार, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. टक्केवारी, टप्प्यांचे दर आणि पडताळा हे एका बिलात आलं. मराठवाड्यात पाण्याचं गणित तर दारातच आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. सहाशे चौरस फुटांचं छत म्हणजे ५५.७ चौरस मीटर, म्हणजे २० मिलिमीटरच्या एका सरीत अकराशे लिटरच्या आसपास पाणी पन्हाळीतून वाहून जातं. २०० लिटरचे किती बॅरल भरतील, टँकर किती रुपयांचा वाचेल, हे मुलीनं काढायचं. पर्जन्यमापक म्हणून सरळ भिंतीची, सपाट बुडाची बरणी चालते, वर निमुळती होणारी बाटली चालत नाही. आपला आकडा परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या हवामान पत्रिकेशी पडताळून बघता येतो. आकडे जुळत नाहीत तेव्हा का जुळत नाहीत यावर एक अख्खी सकाळ जाते आणि ती चांगली जाते.

इतिहास पुस्तकातून शिकवला तरी एखादी सहल करावी. तेरचं वस्तुसंग्रहालय, औंढ्याचं नागनाथ मंदिर, वेरूळ. १७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे, मायलेकींची सहल पूर्वीच्या एका तिकिटात होते. वेरूळला पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट नाही, पण वयाचा पुरावा जवळ ठेवावा.

आता दहावीचं. घरी शिकलेल्या मुलासमोर तीन वाटा असतात. पहिली राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणं. त्यात शाळेतल्या मुलांचाच अभ्यासक्रम, सगळे विषय, नेमून दिलेली संपर्क शाळा, आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जमा करावा लागतो. दुसरी, २०१७ साली सुरू झालेलं महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. तिसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. आम्ही तिसरी घेतली. कारणं तीन: दहावीला मराठी माध्यम आहे, विषय आपण निवडायचे आणि पाच वर्षांत परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. हे शेवटचं कमी पैशाच्या घराला फार मोलाचं आहे. पाचही विषय एकदम द्यायचे असं बंधन नाही. एप्रिलमध्ये तीन, ऑक्टोबरमध्ये दोन असं केलं तर परीक्षेची फीही त्या त्या वेळी तेवढ्याच विषयांची भरायची. पास झालेला विषय खात्यात जमा राहतो. ज्यांना मूल शाळेसारखं एका झटक्यात दहावी व्हायला हवं आहे आणि खर्च कमी हवा आहे, त्यांना सतरा नंबर वाईट नाही. पण त्यात मूळ दाखला हातातून जातो, हे लक्षात ठेवावं.

एनआयओएसच्या दहावीला वय चौदा पूर्ण लागतं. एप्रिलच्या परीक्षेसाठी ते ३१ जानेवारीला मोजतात, ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी ३१ जुलैला. एप्रिल २०२५ च्या परीक्षेसाठी प्रवेश १६ मार्च ते ३१ जुलै २०२४ दंडाशिवाय होता. त्यानंतर पंधरा-पंधरा दिवसांच्या टप्प्यांनी २००, ४००, ७०० रुपये दंड चढत जातो आणि १५ सप्टेंबरला दार बंद होतं. पाच विषयांची फी तेव्हा मुलांना १८००, मुलींना १४५० आणि सवलतीच्या प्रवर्गांना १२०० रुपये होती, जास्तीचा विषय ७२० रुपये. आम्ही जूनच्या सुरुवातीला अर्ज भरला. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात साइट संथ चालते आणि कॅफेवाल्याचे दरही वाढतात.

अर्जाआधी नावाचा घोळ निपटावा. आपल्याकडच्या दाखल्यावर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव असतं. आधारवर बहुतेक आधी नाव असतं. इंग्रजी स्पेलिंग तर तीन कागदांवर तीन. एनआयओएसच्या अर्जात विद्यार्थ्याचं, आईचं आणि वडिलांचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत येतं आणि गुणपत्रिकेवर तेच छापलं जातं. जन्म प्रमाणपत्र आणि आधार आधी एकसारखं करून घ्यावं. पंधराव्या वर्षी आधारचे बोटांचे ठसे नव्यानं द्यावेच लागतात आणि ते फुकट असतं. मूल पंधराच्या जवळ असेल तर नावाची दुरुस्तीही त्याच खेपेला उरकावी.

अर्जाला फोटो, सही, आधार, जन्मतारखेचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा लागतो. आठवी पासचा कागद नसला तरी अडत नाही. मूल दहावीचा अभ्यास करू शकतं असं स्वयंघोषणापत्र चालतं. स्कॅन करताना फाइलचा आकार मर्यादेत बसवावा लागतो, त्यासाठी कॅफेत पन्नास रुपये मोजायची गरज नाही, फोनमधल्या फुकट ॲपवर होतं. ईमेल आणि मोबाइल नंबर स्वतःचाच द्यावा, कॅफेवाल्याचा किंवा एजंटाचा कधीही देऊ नये. पुढची तीन-चार वर्षं ओटीपी त्याच नंबरवर येणार. 'प्रवेश करून देतो, पास करून देतो' म्हणत तीन-चार हजार जास्तीचे घेणारे तालुक्याच्या गावांतही आहेत. जो अर्ज ते भरतात तोच घरी बसून दीड तासात भरता येतो.

विषय निवडताना किमान एक भाषा हवी, जास्तीत जास्त दोन चालतात. आम्ही मराठी (२०४), इंग्रजी (२०२), गणित (२११), विज्ञान व तंत्रज्ञान (२१२), सामाजिक शास्त्र (२१३) घेतले. गृहविज्ञान, चित्रकला, डेटा एंट्री असे सोपे वाटणारे विषय आहेत. पण मुलाला अकरावी विज्ञानाची शक्यता उघडी ठेवायची असेल तर गणित आणि विज्ञान सोडू नये. डेटा एंट्रीत प्रात्यक्षिकाला निम्म्याहून जास्त गुण असतात, म्हणजे घरी संगणक नसेल तर सरावाला कॅफेचे तास मोजावे लागतात. कागदावर स्वस्त दिसणारा विषय तिथं महागात पडतो.

अभ्यासकेंद्र निवडताना अंतर बघू नका, गाडी बघा. आमच्या तालुक्यात केंद्र नव्हतं. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्गावरचं शहर निवडलं, कारण बसपेक्षा पॅसेंजरचं तिकीट कमी आणि उन्हाळ्यात त्रासही कमी. केंद्राला आधी फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: मराठी माध्यमाची मुलं आहेत का, आणि संपर्क वर्ग (केंद्रावर शिकवण्याचे वर्ग) कोणत्या वारी होतात. प्रवेश पक्का झाला की बारा आकडी नोंदणी क्रमांक येतो. ओळखपत्र ऑनलाइन उतरवून त्यावर केंद्राचा शिक्का घ्यावा. पुस्तकं फीमध्येच येतात. ती हाती पडेपर्यंत संस्थेच्या साइटवरच्या पीडीएफवर सुरुवात करावी, वाट बघत बसू नये.

पुस्तकं बघून घाबरायला होतं, दोन-दोन जाड भाग. पण अभ्यासक्रम दोन वाटण्यांत आहे: साधारण ४० टक्के धडे फक्त स्वाध्यायासाठी, ६० टक्के धडे लेखी परीक्षेसाठी. ही विभागणीची यादी विषयवार साइटवर असते. ती पहिल्या दिवशीच छापून भिंतीला लावावी आणि पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत दोन रंगांनी खुणा कराव्यात. ही यादी न बघता पहिल्या धड्यापासून सरळ वाचत गेलेली मुलं मार्चमध्ये दमतात.

स्वाध्यायाला टीएमए म्हणतात, त्याचं वजन २० टक्के. प्रत्येक विषयाला सहा प्रश्न: तीन दोन-दोन गुणांचे, दोन चार-चार गुणांचे, एक सहा गुणांचा प्रकल्प. लहान उत्तरं चाळीस ते साठ शब्दांत, चार गुणांची शंभर ते दीडशे शब्दांत, प्रकल्प पाचशे शब्दांच्या आसपास. प्रश्न दर सत्राला बदलतात. उतरवताना वर छापलेलं सत्र तपासावं, मागच्या वर्षीचे सोडवून दिले तर गुण मिळत नाहीत. कोऱ्या ए-फोरवर, एका बाजूला, स्वतःच्या हातानं लिहायचं. पहिल्या पानावर नाव, नोंदणी क्रमांक, विषय, संकेतांक, केंद्राचं नाव. मग विषयवार एकेक पीडीएफ करून पोर्टलवर चढवायचं. ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत हाताची सावली पडते आणि पेन्सिलीच्या आकृत्या पुसट येतात. सकाळी दारात, उजेडात कागद जमिनीवर ठेवून काढावेत आणि आकृत्या पेनानं गिरवाव्यात. चढवल्याची पोच जपून ठेवावी. आम्ही दिवाळीनंतर सुरुवात करून नाताळपर्यंत पाचही विषय संपवले. शेवटच्या तारखेला पोर्टल उघडायला तासन्‌तास लागू शकतात.

परीक्षेची फी प्रवेशाच्या फीत नसते, हे बऱ्याच जणांना ऐनवेळी कळतं. डिसेंबरच्या सुमारास ती वेगळी भरावी लागते. आमच्या वेळी ती विषयाला २५० रुपये, प्रात्यक्षिक असलेल्या विषयाला वर १२० होती. गणितालाही प्रात्यक्षिक आहे, त्यामुळे आमचे पाच विषयांचे १२५० आणि दोन प्रात्यक्षिकांचे २४०, मिळून १४९०. प्रवेशाचे १४५० धरले तर दहावीची सरकारी फी २९४० रुपये झाली. हे दोन हप्त्यांत येतात, मध्ये सहा महिने असतात, त्यामुळे गणपती-दिवाळीच्या शिलाईतून दुसरा हप्ता बाजूला काढता येतो. प्रवासाचा खर्च मात्र फीच्या वर जातो, तो आधीच धरून चालावा.

मार्चमध्ये प्रात्यक्षिकं. घरी प्रयोगशाळा नसते, पण प्रयोगपुस्तिका फुकट मिळते आणि निम्मे प्रयोग स्वयंपाकघरात होतात. हळदीचा कागद आम्लारीला लाल पडतो, जास्वंदीचा रस लिंबाला गुलाबी आणि खाण्याच्या सोड्याला हिरवट होतो. विजेचे प्रयोग, ॲमीटर-व्होल्टमीटरची जोडणी, हे केंद्रावरच्या संपर्क वर्गात हातानं करून घ्यावं. त्या एका वर्गासाठी भाडं खर्च करावं, बाकीचे वर्ग चुकले तरी चालतात. प्रयोगवही आधी पूर्ण नेली तर तोंडी परीक्षा सोपी जाते.

लेखी परीक्षा एप्रिल-मे, दुपारी अडीच ते साडेपाच. पेपर एका आठवड्यात संपत नाहीत, पाच-सहा आठवड्यांवर पसरतात. त्यामुळे केंद्राच्या गावी खोली घेऊन राहणं परवडत नाही, प्रत्येक पेपरला जाऊन-येऊन करणं स्वस्त. जानेवारी २०२५ च्या अखेरीस एसटीचं भाडं जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं, तरी महिलांचं अर्धं तिकीट असल्यानं एसटीही चालते. जाताना सकाळची गाडी घ्यावी. मराठवाड्यातल्या मे महिन्यात दुपारी बाराला बसमध्ये बसलेलं मूल अडीचला पेपर लिहायच्या स्थितीत राहत नाही. अकरापर्यंत पोहोचून सावलीत बसावं, दही-भात खावा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे घरूनच न्यावं. प्रवेशपत्र आणि शिक्का असलेलं ओळखपत्र दोन्ही लागतात. दोन्हींची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत ठेवावी. पेपरात अर्धे गुण वस्तुनिष्ठ प्रश्नांना असतात, त्यामुळे दीर्घ उत्तरं पाठ करण्यापेक्षा धड्यातल्या चौकटी आणि पाठांतर्गत प्रश्न नीट केलेले बरे. पास व्हायला ३३ टक्के, पण लेखी आणि प्रात्यक्षिक यांत वेगवेगळे.

हे दोन महिने घरात सगळ्यात जास्त ताण असतो, आणि तो अभ्यासाचा नसतो. 'शाळेत न जाता दहावी कशी होते?' हा प्रश्न लग्नकार्यात, दुकानात, गिऱ्हाइकाकडून येतच राहतो. मुलीला आम्ही एक वाक्य देऊन ठेवलं होतं: 'केंद्र सरकारच्या बोर्डाची दहावी देतेय.' ते खरंही आहे आणि पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

निकाल जूनमध्ये लागला. गुणपत्रिका आधी ऑनलाइन आणि डिजीलॉकरवर दिसते, छापील कागद नंतर. राज्यभर अकरावीचे प्रवेश २०२५-२६ पासून ऑनलाइन झाले, म्हणजे तालुक्याच्या कॉलेजलाही पोर्टलवरूनच जावं लागतं. नोंदणी शंभर रुपये, एक ते दहा पसंतीक्रम. राज्य मंडळाचा निकाल मे महिन्यात लागल्यानं पहिल्या फेरीची नोंदणी आपल्या निकालाच्या आधीच सरकते. घाबरू नये, पुढच्या फेरीसाठी नव्यानं नोंदणी घेतात. तालुक्याच्या कॉलेजांत जागा उरलेल्या असतात, अडचण लातूर-नांदेडच्या नावाजलेल्या कॉलेजांची होते. तिथंच जायचं ठरलं असेल तर एप्रिलऐवजी आदल्या ऑक्टोबरच्या परीक्षेला बसण्याचा विचार करावा, म्हणजे निकाल हातात घेऊन पहिल्या फेरीत उतरता येतं. त्यासाठी वय आदल्या जुलैला चौदा पूर्ण हवं. दुसऱ्या मंडळाच्या विद्यार्थ्याला गुण स्वतः भरून गुणपत्रिका जोडावी लागते. भरताना एकूण आणि टक्केवारी कॅल्क्युलेटरवर दोनदा बघावी, पडताळणीत फरक निघाला तर अर्ज परत येतो.

कॉलेजात मूळ गुणपत्रिका आणि एनआयओएसचं स्थलांतर प्रमाणपत्र मागतात. ते हाती आलं नसेल तर हमीपत्रावर मुदत मिळते, तसं लेखी मागावं. एनआयओएसच्या कागदांवर जात लिहिलेली नसते, त्यामुळे जात प्रमाणपत्र आणि पडताळणीसाठी सातवीचा जुना दाखलाच कामी येतो. तो मूळ स्वरूपात घरी राहिला, हा सतरा नंबर न भरल्याचा एक फायदा. स्थलांतर प्रमाणपत्र कॉलेजात जमा होतं आणि परत सहज मिळत नाही, म्हणून देण्याआधी दोन्ही बाजूंच्या तीन-चार झेरॉक्स काढून एक रंगीत स्कॅन ईमेलवर टाकून ठेवावा.